विड्यातली लवंग

दिवाळी अंकासाठी काहीतरी खुसखुशीत लिहा, असा संपादकांचा दरवर्षी प्रेमळ आग्रह असतो. माझ्याजवळ खुसखुशीत असे काही शिल्लक असेल, तर ती आमच्या आक्काच्या गेल्या वर्षीच्या चिरोट्यांची आठवण. तेव्हा वाचकहो, चिरोट्यांपासूनच सुरुवात करतो. पण गोष्ट आहे विजेची. घरातल्या दिव्याच्या नव्हे, आभाळातल्या. ती माझ्या अंगावरून गेली आणि तरीही मी हे सदर लिहायला जागेवर आहे. त्यावरून शेवट फार वाईट नाही, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलेच असेल.

गेल्या आश्विनात मी लंडनला लेकीकडे दोन महिने राहून परत येत होतो. सौ. नातवंडांपाशी आणखी महिनाभर राहणार होती आणि मग एकटीच यायची होती. मुंबई वीसेक मिनिटांवर आली. परतीच्या पावसाचे ढग कापसाच्या गंजीसारखे रचलेले होते. विमान त्यांच्या कडेकडेने उतरत होते. इतक्यात खिडकीबाहेर सगळे पांढरेफेक झाले आणि कोणीतरी पत्र्याच्या पिंपात सुतळी बाँब टाकावा तसा आवाज झाला. दिवे क्षणभर लुकलुकले. शेजारच्या आजीबाईंनी माझे मनगट असे काही धरले की बांगड्यांचे वळ दुसऱ्या दिवशीपर्यंत होते. दोन-तीन मिनिटांनी वैमानिकाने, दूधवाला उशिरा येणार असे सांगावे तितक्या शांतपणे, सांगितले की विमानाला वीज चाटून गेली आहे, काळजीचे कारण नाही.

काळजीचे कारण नाही, असे कोणी सांगितले की मला काळजी वाटू लागते. त्यातून हे विमान नव्या धाटणीचे. त्याचे अंग धातूचे नसून कार्बनच्या धाग्यांचे कापड आणि राळ यांचे आहे, हे मी जाताना त्यांच्याच माहितीपत्रकात मोठ्या कौतुकाने वाचले होते. आता ते कौतुक पोटात गोळा होऊन बसले. आपण कापडात बसलो आहोत आणि बाहेर वीज पडते आहे! उतरल्यावर काचेतून पाहिले, तर दोन माणसे विजेऱ्या घेऊन विमानाच्या नाकाशी काहीतरी शोधत होती. मी सौ.ला फोन केला, "सुखरूप पोचलो." विजेचे अवाक्षर काढले नाही. पण तिने त्याच प्रकारच्या विमानाने एकटीने यावे की नाही, हा प्रश्न मनात घर करून राहिला.

भाऊबीजेला नागपूरला आक्काकडे गेलो. तिचा मुलगा, म्हणजे आमचे भाचेबुवा, विमानदुरुस्तीच्या धंद्यात आहे. नागपूरला हे आता नवलाचे राहिलेले नाही. बोइंग ७८७ या कार्बनी विमानाच्या जमिनीखालच्या तुळया टाटांच्या मिहानमधल्या कारखान्यातून बनून गेल्या आहेत. भाचेबुवांचे काम मात्र दुरुस्तीचे. ओवाळणी झाली, फराळाची ताटे पुढे आली, तसा मी आक्का स्वयंपाकघरात गेल्याचे पाहून हळूच विषय काढला.

"मामा, विमानाला वीज लागणं ही काही अपूर्वाईची गोष्ट नाही," तो म्हणाला. "सरासरी धरली तर प्रवासी विमानाला वर्षातून एखादा प्रसाद मिळतोच. आणि बहुतेक वेळा वीज विमानाला शोधत येत नाही, विमानच तिला जागं करतं. ढगात आधीच ताण असतो. त्यात विमानाचं नाक, पंखांची टोकं घुसली की तिथूनच ठिणगीची वाट फुटते, एक इकडे, एक तिकडे. नाकातून शिरते, शेपटीतून जाते. विमान तोपर्यंत पुढे सरकलेलं असतं, म्हणून जखमांची अंगावर ओळ उमटते, शिवणीचे टाके घालावेत तशी."

अमेरिकेतील नासा या संस्थेने १९८०च्या दशकात एक लढाऊ जातीचे एफ-१०६ विमान मुद्दाम वादळांत घालून हेच तपासले. त्या एका विमानाने ७१४ वेळा वीज अंगावर घेतली! माझी एक, त्याच्या ७१४. मला जरा ओशाळल्यासारखे झाले.

"पण ते विमान धातूचं असेल," मी म्हटले.

"आता तुम्ही मुद्द्यावर आलात," असे म्हणून त्याने ताटातला एक चिरोटा उचलला.

आता त्याने जे सांगितले ते माझ्या शब्दांत सांगतो. मायकेल फॅरडेने १८३६ साली लंडनमध्ये बारा फूट लांबी-रुंदी-उंचीची एक खोली उभारली, तिला बाहेरून धातूने मढवले आणि स्वतः आपली उपकरणे घेऊन आत बसला. बाहेर ठिणग्या तडतडत होत्या, आत उपकरणाचा काटाही हलला नाही. वीज धातूच्या बाहेरच्या अंगानेच निघून जाते. जुनी विमाने ॲल्युमिनियमची, म्हणजे उडते डबेच. डब्यातल्या लाडवांना बाहेरच्या विजेची दाद नसते.

नवी विमाने तशी नाहीत. बोइंग ७८७ हे २०११ साली प्रवासी वाहतुकीत आले आणि त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग अशा मिश्र पदार्थांचा आहे. एअरबसचे ए-३५० हे २०१५ साली आले, त्यातही निम्म्याहून थोडा अधिक. कार्बनच्या कापडाचे थर राळेत भिजवून एकावर एक रचतात आणि दाबाच्या भट्टीत भाजतात. थेट आपला चिरोटा: पोळीवर पोळी, मधे साटा. हलके, मजबूत, न गंजणारे. इंधन वाचते ते यामुळे.

परंतु विजेच्या दृष्टीने चिरोटा हा डबा नव्हे. कार्बनचे धागे वीज नेतात खरे, पण ॲल्युमिनियमच्या मानाने हजारपटीने किंवा त्याहूनही नाखुशीने. तेही धाग्याच्या दिशेने. एका पापुद्र्यातून दुसऱ्यात जायचे म्हणजे मधे राळ आडवी, तिथे तर फारच कठीण. आणि जिथे वीज अडते तिथे ती तापते. विमानाची परीक्षा घेताना जास्तीत जास्त दोन लाख अँपिअरचा झटका धरतात. आपल्या घरातले मोठे बटण १६ अँपिअरला दम टाकते, एवढे लक्षात घेतले म्हणजे पुरे. असा झटका उघड्या कार्बनवर बसला, तर राळेची डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वाफ होते, थर फुगून सुटतात आणि धागे केरसुणीसारखे पिंजारून बाहेर येतात. चिरोटा जास्त तळला तर पापुद्रे सुटतात, तसे.

यावर उपाय काढला आहे तो आपल्या पूर्वजांच्या देवघरातल्या धातूचा: तांब्याचा. कागदासारख्या पातळ तांब्याच्या पत्र्याला बारीक चिरा पाडतात आणि तो ताणतात, म्हणजे त्याची शंकरपाळ्यांच्या आकाराच्या भोकांची जाळी होते. ही जाळी सगळ्यांत वरच्या थरात, रंगाच्या खाली, राळेतच बसवतात. वीज आली की ती जाळीवर पसरते आणि पुढे निघून जाते. जिथे आघात झाला तिथली थोडी जाळी जळून जाते, खालचा चिरोटा वाचतो. ॲल्युमिनियमची जाळीही चालते, पण ॲल्युमिनियम आणि कार्बन यांचे ओलाव्यात जमत नाही. दोघे मिळून बॅटरीसारखा घट बनवतात आणि ॲल्युमिनियम खाल्ले जाते. म्हणून मधे काचेच्या कापडाचा थर घालून त्यांना वेगळे ठेवावे लागते. एकत्र कुटुंबात काही सासवा-सुनांच्या खोल्यांमधे भिंत असलेली बरी, त्यातलाच प्रकार.

"आणि ते पंखाच्या मागच्या काठाला काड्यांसारखं लावलेलं असतं, ते विजेला पळवून लावायला ना?" मी माझे ज्ञान पाजळले.

"सगळे तसंच समजतात. त्या काड्या हवेच्या घर्षणाने विमानावर साठलेला विद्युतभार सोडून द्यायला असतात, रेडिओत खरखर होऊ नये म्हणून. वीज थोपवणं त्यांचं काम नाही."

एव्हाना आक्का विड्याचे तबक घेऊन आली होती. तिला अर्धेच ऐकू आले होते. ती पाने पुसून चुना लावू लागली. भाचेबुवांनी एक तयार विडा उचलला आणि त्यात टोचलेली लवंग मला दाखवली.

"मामा, खरी डोकेदुखी ही आहे."

विमानाच्या पंखाचे कातडे आतल्या तुळयांना आणि फासळ्यांना हजारो खिळ्यांनी, म्हणजे बोल्टांनी, जोडलेले असते. हे बोल्ट धातूचे, कार्बनशी पटणाऱ्या टायटेनियमचे. विड्यात लवंग टोचावी तसे ते सगळ्या थरांना भेदून आरपार जातात. बाहेर त्याचे डोके, आत त्याचे नट. आणि आत काय असते? पंख म्हणजेच इंधनाची टाकी. निराळी टाकी नसते, पंखाच्या पोकळीतच इंधन भरलेले असते. म्हणजे लवंगेचे डोके आभाळात आणि टोक केरोसीनच्या वाफेत!

अडचण अशी की बोल्ट आणि त्याचे भोक यांत केसाएवढी फट राहते. धातूच्या पत्र्यात बोल्ट ठोकून घट्ट बसवता येतो, कार्बनच्या चिरोट्यात तसा दांडगावा केला तर पापुद्रे सुटतात. विजेचा प्रवाह बोल्टावरून कार्बनच्या धाग्यांत जाताना ती फट उडी मारून ओलांडतो. फटीतली हवा आणि राळ तापून तिचा दाब वाढतो आणि तो तप्त वायू नटाखालून टाकीत फुसकन बाहेर पडतो, प्रेशर कुकरची शिटी उडावी तसा. त्या फुसकाऱ्यात ठिणगी असली म्हणजे संपले.

ठिणगी केवढी असावी? इंधनाच्या वाफेला पेटवायला २०० मायक्रोज्यूल पुरतात असे धरून परीक्षा घेतात. भाचेबुवांनी हिशोब करून दाखवला. दोन मिलिग्रॅमचा एक डास जमिनीवरून तिसऱ्या मजल्यावर चढायला जेवढी ऊर्जा लागते, तेवढी. बाहेर दोन लाख अँपिअर कोसळताहेत, आणि आत डासाएवढीही ठिणगी होता कामा नये!

ही भीती पुस्तकी नाही. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेतील मेरीलँड राज्यात एल्कटन गावाजवळ पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ फिलाडेल्फियाला उतरण्याची वाट पाहत आभाळात घिरट्या घालत होते. विजेने डाव्या पंखातल्या राखीव टाकीतील वाफ पेटली, पंख तुटला आणि ८१ माणसे गेली. ते विमान तर पूर्ण धातूचे होते. मग १९६७ साली अमेरिकेत इंधनाच्या टाक्यांना विजेपासून संरक्षण हवेच, असा स्वतंत्र नियम झाला. नियमांची अक्षरे शाईने छापलेली दिसतात, पण ती लिहिली जातात ती अशी.

म्हणून एकेका बोल्टाला चार-चार राखणदार नेमलेले असतात. वर तांब्याची जाळी, म्हणजे एकाच बोल्टावर सगळा भार न येता तो आजूबाजूच्या पुष्कळांत वाटला जावा. काही ठिकाणी बोल्टाभोवती पोलादाची पातळ नळी असते. बोल्ट ओढला की ती फुगून भोकाला चिकटते आणि फटच उरत नाही. बोल्ट बसवतानाच त्याला चिकट लुकण माखतात. काही जागी डोक्यावर वीजरोधक झाकण घालतात. आणि टाकीच्या आत नटावर लुकणाने भरलेली टोपी बसवतात, म्हणजे फुसकारा निघालाच तरी तो टोपीतच कोंडून राहावा. याखेरीज टाकीच्या रिकाम्या जागेत नायट्रोजन सोडतात. प्राणवायूच कमी केला, तर वाफ पेटणार कशी? १९९६ साली न्यूयॉर्कजवळ एका बोइंग ७४७ची टाकी फुटून २३० माणसे गेली. तिथे कारण विजेचे नव्हते, बहुधा तारांतल्या दोषाचे होते. परंतु त्या धड्यानंतर, २००८ साली, टाकीतील वाफेची ज्वालाग्राहिता कमी करण्याचा नियम आला.

"मग एवढे राखणदार असताना एखादा कमी केला तर?" मी विचारले.

"त्यावरच भांडणं होतात," तो म्हणाला.

आणि झालीही आहेत. २०१९ साली अमेरिकेच्या संसदेतील दोघा समितीप्रमुखांनी तिथल्या हवाई वाहतूक खात्याला जाब विचारला. बोइंग ७८७च्या पंखावरील तांब्याचे आच्छादन काही भागात कमी करण्याला, खात्यातल्याच तज्ज्ञांचा विरोध असताना, परवानगी कशी दिली, असा तो प्रश्न होता. कंपनीचे म्हणणे असे की इतर राखणदार पुरेसे आहेत. पुढे २०२१ साली कतारच्या हवाई कंपनीच्या ए-३५० विमानांचा रंग उडाला आणि खालची तांब्याची जाळी उघडी पडली. कतारच्या अधिकाऱ्यांनी विमाने जमिनीवर बसवली, युरोपच्या अधिकाऱ्यांनी सुरक्षिततेला धोका नाही असा निर्वाळा दिला, प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोड झाली. रंगाखालच्या जाळीची एवढी प्रसिद्धी पूर्वी कधी झाली नव्हती.

हे सगळे ऐकून माझे समाधान व्हायला हवे होते. पण मनुष्यस्वभाव विचित्र. राखणदार चार असले तरी त्यांना जागेवर बसवणारा माणूस एकच असतो, हा विचार मला सुटेना. मी सरळ विचारले, "ते सगळं ठीक. पण मला सांग, तुझ्या मामीने त्या विमानात बसावं का?"

भाचेबुवा लगेच बोलला नाही. मग आक्काकडे एकदा पाहून म्हणाला, "आईलाही हे सांगितलेलं नाही. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट."

तेव्हा तो दुसऱ्या एका गावी, दुसऱ्या एका ठिकाणी नोकरीला होता आणि कायम व्हायला तीन महिने राहिले होते. विजेचा तडाखा बसलेले एक विमान दुरुस्तीला आले. अशा वेळी आधी जखमा शोधतात. मग आजूबाजूचा भाग छोट्या हातोडीने ठोकून कान देतात, आपण माठ घेताना वाजवून पाहतो तसा. थर सुटला असेल तर आवाज बद्द येतो. त्याखेरीज ध्वनिलहरींची यंत्रे आहेतच. जळालेल्या जाळीला ठिगळ लावतात, तेही असे की तांब्याला तांबे मिळाले पाहिजे. पंखाचा काही भाग उघडला होता, म्हणून आतल्या चोवीस नटांवर नव्या टोप्या बसवायच्या होत्या. इंधन काढून, हवा खेळवून, माणूस जेमतेम शिरेल अशा भोकातून हा आत गेला, आडवा पडून टोप्या बसवल्या, बाहेर आला, सही केली. तपासनिसाने विजेरीने पाहून त्याखाली सही केली. टाकी बंद झाली. पहाटे सहाला विमान निघायचे होते.

रात्री दोनला खोलीवर येऊन त्याने सदरा काढला, तर खिशातून एक टोपी पडली.

"कोठारातून चोवीसच घेतल्या होत्या, अशी माझी खात्री होती," तो म्हणाला. "मग ही कुठली? म्हणजे एक नट उघडा राहिला? मी डोळे मिटून एकेक टोपी आठवत बसलो. तेवीसपर्यंत आठवायच्या, चोविसावी कधी दिसायची, कधी दिसायची नाही. मनात आलं, बाकीचे राखणदार आहेत की. जाळी आहे, लुकण आहे, नायट्रोजन आहे. नेमकी त्याच बोल्टावर वीज कशाला पडेल? हा हिशोब चुकीचा नव्हता, मामा. पण तो हिशोब करायचा अधिकार माझा नव्हता."

त्याने वरिष्ठांना फोन करून झोपेतून उठवले. इंधन पुन्हा काढावे लागले, टाकी पुन्हा उघडली. सकाळचे उड्डाण रद्द झाले, दोनेकशे माणसे विमानतळावर बोटे मोडत बसली. वरिष्ठ स्वतः आत शिरले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते म्हणाले, "चोवीसच्या चोवीस जागेवर आहेत." कोठारवाल्याने मोजण्यात एक जास्त दिली होती.

"मग?" आक्काचा हात चुन्याच्या डबीतच राहिला होता.

"मग काय? बोलणी खाल्ली. मोजून का घेतल्या नाहीस, परत का दिली नाहीस, म्हणून. ते बरोबरच होतं. तीन महिन्यांनी कायम करणार होते, ते सहा महिने पुढे गेलं."

"आणि वरिष्ठ काही म्हणाले नाहीत?" मी विचारले.

"त्या वेळी नाही. पण त्यानंतर टाकीचं काम निघालं की माझंच नाव पुढे करायचे."

थोडा वेळ कोणी बोलले नाही. भाचेबुवांनी विडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मामीला येऊ द्या. त्या बोल्टांच्या मागे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. सगळे देवमाणसं आहेत असं नाही. पण रात्री खिशातून टोपी पडली तर झोप न येणारे पुष्कळ आहेत."

त्या रात्री मी लंडनला फोन लावून सौ.ला विजेची सगळी हकीकत सांगितली. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं. सुखरूप पोचलो असं तुम्ही उगाच कधी म्हणता?" महिनाभराने ती त्याच प्रकारच्या विमानाने आली, आणि वाटभर झोपली.

पण फोन ठेवून मी बाहेर आलो तेव्हाची आठवण सांगायची राहिली. रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी केलेले विडे आक्काने तबकात नीट मांडले होते आणि ती एकेक उचलून दिव्यापाशी धरून पाहत होती. मी विचारले, "काय गं, आक्का?"

"अरे, एक लवंग उरली आहे," ती म्हणाली आणि पुन्हा पहिल्या विड्यापासून मोजू लागली.